मास्तरीण निघून गेली तो मंगळवार

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता मास्तरीण घरातून निघून गेली. भांडण झालं नव्हतं, कुणी एका शब्दाने दुखावलं नव्हतं. सासूबाई बाळाला आंघोळ घालत होत्या. बाथरूममधून पाण्याचा आणि त्यांच्या अखंड बडबडीचा आवाज येत होता. तिने दारामागची किल्ली काढली, "आई, दूध घेऊन येते," असं सांगितलं आणि जिना उतरली. फ्रिजमध्ये दुधाच्या दोन पिशव्या होत्या, हे सासूबाईंच्या नंतर लक्षात आलं.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती, ती रजेवर असतानाही तिच्याच दारात लागायची. पांढरी, छपरावर शिकाऊ पाटी, आणि शेजारच्या सीटखालीसुद्धा ब्रेक आणि क्लच असलेली. त्या शेजारच्या सीटवर बसून तिने नऊ वर्षं लोकांना गाडी शिकवली होती. त्यावरूनच तिचं नाव मास्तरीण पडलं. नवराही लाडात आला की तेच म्हणायचा. शिकणाऱ्यांमध्ये तिची ख्याती अशी, की ही बाई ओरडत नाही आणि उगाच ब्रेकवर पाय देत नाही. मागून हॉर्नचा भडिमार सुरू झाला की ती खिडकीबाहेर बघत म्हणायची, "वाजवू दे. त्याला काय विमान पकडायचंय?"

त्या दिवशी मात्र ती चालकाच्या सीटवर होती. दूध-केंद्र मागे पडलं, सिग्नल मागे पडला, बाहेरचा वळणरस्ता आला आणि तोही मागे पडला. कुठे चाललीस, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. डोक्यात एकच गोष्ट चालू होती: मी जितकी लांब जाईन, तितकं त्या पोरीचं भलं होईल.

पोरगी दहा आठवड्यांची होती. हातपाय सतत हलवायची म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. चार वर्षं वाट बघून झालेली मुलगी. सगळ्या बायकांनी मास्तरणीला सांगून ठेवलं होतं, की तोंड बघितलंस ना, की सगळ्या कळा विसरशील. तिने तोंड बघितलं. छान होतं, गुलाबी होतं, आणि दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. शेजारणीने "जरा दोन मिनिटं धरा हो" म्हणून हातात दिल्यासारखं. येईल हळूहळू, असं म्हणून ती वाट बघत राहिली. तिसऱ्या दिवशी ढसाढसा रडली, तेव्हा सगळे म्हणाले, होतं असं, दोन-चार दिवसांत ओसरतं. दोन-चार दिवस गेले, दोन आठवडे गेले, काहीच ओसरलं नाही. उलट रडूही येईनासं झालं.

कामात कसूर नव्हती. दूध पाजणं, लंगोट बदलणं, ढेकर काढणं, लशीची तारीख, सगळं बिनचूक. हात आपलं काम करत होते आणि ती कुठेतरी लांब उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. श्वास चालू आहे ना, म्हणून दर पाच मिनिटांनी त्याच्या नाकापाशी बोट. घास तोंडात घातला की कागद चावल्यासारखा वाटायचा. नवरा लिफ्टचा मेकॅनिक, दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत. संध्याकाळी आला की तिच्याकडे बघून म्हणायचा, "दमलीस गं." सासूबाई म्हणायच्या, "पहिलटकरीण आहे, पडेल अंगवळणी."

सहाव्या आठवड्यात आरोग्य केंद्राची नर्स घरी आली होती. तिने बाळाचं वजन केलं आणि मास्तरणीच्या हातात एक कागद दिला. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. पूर्वीसारखं हसू येतं का? विनाकारण भीती वाटते का? स्वतःला दोष देता का? नऊ वर्षं लोकांना लायसन्सची लेखी परीक्षा पास करून देणारी बाई ती. कुठल्या प्रश्नाचं कुठलं उत्तर हवंय, हे तिला एका नजरेत कळलं. तिने भराभर बरोबरच्या खुणा केल्या. नर्सने बेरीज केली, "एकदम छान!" म्हणाली, आणि पिशवी उचलून गेली. दार लागल्यावर मास्तरीण स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली. सुटकेचा एक दोर आला होता आणि आपण तो गुंडाळून नीट परत केला, हे तिला कळत होतं. पण खरं लिहिलं असतं, तर काय म्हटलं असतं लोकांनी? घरात सगळं आहे, नवरा चांगला, सासू मदतीला, बाळ गुटगुटीत. मग हिला झालंय तरी काय?

आणि मग तो मंगळवार. सकाळी सासूबाईंनी आरडाओरडा करून तिला बोलावलं. "अगं ये, ये लवकर! हसतेय बघ!" ती गेली. मुंगीने तिच्याकडे बघितलं, डोळे तिच्या चेहऱ्यावर ठरले, आणि ती बोळकं पसरून हसली. पहिलंवहिलं ओळखीचं हसू. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरणीच्या मनात एवढंच आलं, की बिचारी. हिची फसवणूक झाली. हिला वाटतंय, मी हिची आई आहे.

अर्ध्या तासाने तिने किल्ली काढली.

शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर एक मोठा पेट्रोल पंप होता. तिथे ती थांबली, तेही पेट्रोलसाठी नव्हे. दूध भरून आलं होतं आणि कुर्ता पुढून ओलाचिंब झाला होता. तिने हवा भरायच्या मशीनजवळ गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली. फोन वाजला, सासूबाई. तिने उचलला नाही. परत वाजला. नाही उचलला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पडद्यावर नाव होतं: औषधवाली.

औषधवाली म्हणजे तिच्या आजवरच्या विद्यार्थ्यांत सगळ्यात ढ. बावन्न वर्षांची बाई, औषधांचं दुकान एकटीने चालवणारी, काउंटरवर वाघीण आणि स्टिअरिंगवर ससा. पाच वेळा नापास झाली, सहाव्यांदा लायसन्स मिळालं. चार महिने झाले तरी घर ते दुकान याखेरीज कुठे गाडी नेली नव्हती. शिकून गेलेली माणसं फोन करतात ती कुठेतरी अडकल्यावरच, हे मास्तरणीला ठाऊक होतं. तिचं बोट आपोआप बटणावर गेलं.

"मास्तरीणबाई, मेले मी!"

"कुठे आहात?"

"हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये. औषधं पोचवायला आज पहिल्यांदाच गाडी आणली. तिसऱ्या मजल्याच्या चढावर. मधोमध बंद पडली. मागे चार गाड्या आहेत. एक जण उतरून माझ्याकडे बघून हातवारे करतोय!"

"त्याला करू दे. हँडब्रेक ओढा." मास्तरणीला स्वतःचाच आवाज ऐकून नवल वाटलं. तो शांत होता, जुना होता. "ओढला?"

"ओढला."

"गिअर काढा. गाडी चालू करा. आता पहिला टाका. क्लच हळूहळू वर सोडायचा, घाई नाही. गाडी थरथरली की मला सांगा."

"थरथरतेय. मीपण."

"दोघी थरथरा, काही बिघडत नाही. आता ॲक्सिलरेटर जरासा. अजून. हँडब्रेक सोडा."

फोनमधून इंजिनची किंकाळी ऐकू आली आणि पाठोपाठ औषधवालीची. "गेली! गेली वर! अहो, चढली की!"

गाडी कुठेतरी लागली, दार उघडल्या-मिटल्याचा आवाज झाला. आता ही आभार मानून फोन ठेवेल, असं मास्तरणीला वाटलं. पण सत्तावीस वर्षं काउंटरवर उभं राहून, लोक काय मागतात यापेक्षा कसं मागतात हे ऐकायची सवय लागलेली बाई ती. ती म्हणाली, "तुम्ही रडताय का?"

"नाही." मास्तरणीने गालाला हात लावला. ओला होता.

"बाळ कसंय?"

"छान आहे."

"आणि तुम्ही?"

इथे खुणा करायला चौकोन नव्हते. बरोबर उत्तर कुठलं, तेही दिसत नव्हतं. "मला काहीच वाटत नाही," मास्तरीण म्हणाली. "ती आज हसली. माझ्याकडे बघून हसली, आणि मला काहीच वाटलं नाही. मी निघून आले. घरी सांगितलं, दूध आणते."

मग औषधवालीचा आवाज आला, आणि तो चढावरच्या बाईचा नव्हता. काउंटरवरच्या बाईचा होता.

"बाळापाशी कोण आहे?"

"सासूबाई."

"बरं. तुम्ही कुठे आहात?"

तिने सांगितलं.

"एक सरळ विचारते, सरळ सांगा, मी घाबरणार नाही. जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचं मनात आहे का?"

"करायचं असं काही नाही," मास्तरीण म्हणाली. "फक्त आपण नसावं, असं वाटतं. बरेच दिवस."

"सांगितलंत ते फार चांगलं केलंत. आता गाडीतून उतरा, किल्ली पर्समध्ये टाका आणि माणसं असतील तिथे जाऊन बसा. स्वतः चालवत परत यायचं नाही. मी येते."

"तुम्ही? हमरस्त्यावरून?"

"मग काय उडत येऊ?"

"गाडी चालवताना फोनवर बोलायचं नाही," मास्तरणीच्या तोंडून सवयीने निघालं.

"नाही बोलणार. म्हणूनच आत्ताच्या आत्ता सासूबाईंना फोन लावा. मी पोचेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहा."

पंपाच्या कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तिने फोन लावला. सासूबाई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. अजूनही त्या "हॅलो" म्हणत नसत, "हं, बोला" म्हणत.

"हं, बोला."

"आई, मी."

सासूबाईंनी सुस्कारा सोडला तो फोनमधून स्पष्ट ऐकू आला. "कुठे आहेस?"

मास्तरणीने सगळं सांगितलं. मोडकंतोडकं, मागचं पुढे, पुढचं मागे. फॉर्मचंसुद्धा सांगितलं. सांगून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मुंगी झोपलीय. काढून ठेवलेलं दूध प्यायली. तिची काळजी सोड. मी शेजारच्यांच्या फोनवरून याला कामावरून बोलावून घेते, पण ही लाइन मी तोडणार नाही. तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस. नुसती चालू राहू दे."

आणि खरोखरच लाइन चालू राहिली. चहा आला. कॅन्टीनवालीने न विचारता एक कोरडा पंचा आणून दिला. फोनमधून घरातले आवाज येत होते: कुकरचं झाकण, दाराची बेल, सासूबाईंचं शेजारणीशी दबक्या आवाजातलं बोलणं, आणि दर थोड्या वेळाने, "आहेस ना?"

"आहे."

"हं."

तास उलटून गेला तेव्हा रस्त्यावर एकदम हॉर्नचा कल्लोळ उठला. मास्तरणीने खिडकीतून बघितलं. एक लहानशी निळी गाडी, चारही दिवे उघडझाप करत, बैलगाडीच्या चालीने येत होती आणि तिच्यामागे ट्रकांची मिरवणूक लागली होती. गाडी पंपात शिरली आणि दोन जागा अडवून तिरकी उभी राहिली. औषधवाली उतरली. घामाने भिजलेली, पर्स छातीशी कवटाळून.

"काय हो," ती धापा टाकत म्हणाली, "या गाडीला पाचवा गिअर असतो का? मी आपली तिसऱ्यातच आले."

मास्तरणीला हसू फुटलं. दहा आठवड्यांत पहिल्यांदा. हसता हसता तिला रडू आलं, आणि मग काय हसणं आणि काय रडणं, ते वेगळं करता येईना. औषधवाली तिच्या शेजारी बसली आणि तिने पर्समधून आधी रुमाल काढला, मग बिस्किटांचा पुडा. "खा. हे औषध नाही, पण चालतं."

सासूबाईंना हॉस्पिटलपाशी यायला सांगून, स्कूलची गाडी पंपावरच ठेवून दोघी निळ्या गाडीतून परतल्या. मास्तरीण शेजारच्या सीटवर बसली होती आणि नसलेला ब्रेक पायाने दाबत होती. औषधवाली रस्त्यावरची नजर न हलवता बोलत होती.

"आठवड्याला एक तरी नवरा दुकानात येतो. डायपर घेतो, आणि जाता जाता म्हणतो, बायकोला झोप येत नाही, काहीतरी द्या. मी गोळी देत नाही. डॉक्टरचा पत्ता देते. बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतात याला. आजार आहे हा. स्वभाव नव्हे, नखरा नव्हे, पाप तर मुळीच नव्हे. आणि बरा होतो. ट्रक येतोय का हो मागून?"

"येऊ दे. तुम्ही तुमच्या रांगेत आहात."

हॉस्पिटलच्या बाहेर नवरा उभा होता, ग्रीसने माखलेल्या कामाच्या कपड्यांत, मुंगीला स्वच्छ चादरीत गुंडाळून छातीशी धरलेला. शेजारी सासूबाई, फोन अजून कानाला. मास्तरीण समोर दिसल्यावर त्यांनी तो खाली घेतला आणि बंद केला.

"अगं," नवरा म्हणाला. "मी रोज म्हणत होतो, दमलीस, दमलीस. एकदाही विचारलं नाही."

"विचारलं असतंस तर मी छान आहे म्हणाले असते."

"तरी विचारायला हवं होतं."

मनोविकाराच्या डॉक्टरीणबाई साठीच्या होत्या. चष्मा कपाळावर आणि शोधत बसायच्या टेबलावर. मास्तरणीला त्यांनी एकटीला आत बसवून घेतलं आणि पाऊण तास ऐकून घेतलं. मग ड्रॉवरमधून कागद काढला. तेच दहा प्रश्न.

"हा मी भरलाय आधी," मास्तरीण खाली मान घालून म्हणाली. "पण कॉपी केली होती."

"मग आता फेरपरीक्षा."

यावेळी तिने खरं लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी बेरीज केली, कागद तिच्याकडे फिरवला आणि सगळं उलगडून सांगितलं. मार्क भरपूर पडले होते, म्हणजे आजार होता, आणि चांगलाच होता. मास्तरणीच्या छातीवरची शिळा कुणीतरी इंचभर सरकवली. इतके दिवस तिला वाटत होतं, की आपल्यात काहीतरी घडवतानाच राहून गेलंय. आता कळलं, की हे आजारपण आहे. त्याला नाव आहे, त्याला औषध आहे, आणि हिच्याआधी अनेकजणी याच खुर्चीवर बसून गेल्यात.

डॉक्टरीणबाईंनी थायरॉइडची आणि रक्ताची तपासणी सांगितली. अंगावर पाजत असताना चालेल अशी गोळी दिली. दोन-तीन आठवडे फरक जाणवणार नाही, म्हणून मध्येच सोडायची नाही, असं दोनदा बजावलं. दर आठवड्याला येऊन बोलायचं. सध्या तिला एकटीला ठेवायचं नाही. पुन्हा "नसावं" असं मनात आलं, तर कुठलीही वेळ असो, फोन करायचा. शेवटी त्यांनी घरच्यांना आत बोलावलं आणि चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिलं: रोज सलग पाच तास झोप.

सासूबाईंनी ती चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि पदरात बांधावी तशी मुठीत धरली. "आमच्या एक्स्चेंजमध्ये आठ तासांच्या वर कुणाला बसवत नसत," त्या म्हणाल्या. "चुकीचे नंबर लागायचे. हिला आपण दहा आठवडे बसवलं."

दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या दारावर पाळ्यांचा तक्ता लागला. नवऱ्याने साहेबांकडून सकाळची ड्यूटी उशिरा सुरू करून घेतली. दूध काढून बाटलीत ठेवायचं, आणि पहाटे पाच ते दहा मास्तरणीच्या खोलीचं दार बंद. त्या वेळात घरात फोन वाजला, तरी सासूबाई फोनवर हात ठेवून कुजबुजायच्या. नवऱ्याच्या आत्याने एकदा फोनवर सुनावलं, की आमच्या वेळी नव्हती असली थेरं. सासूबाईंनी शांतपणे उत्तर दिलं, "आपल्या वेळी घरोघर फोन नव्हते, वन्सं. म्हणजे कुणाला काही सांगायचं नव्हतं, असं थोडंच आहे?" आत्याबाईंनी विषय बदलला.

फरक लगेच पडला नाही. पहिला आठवडा मळमळीत गेला. दुसऱ्या आठवड्यात एक दुपार इतकी वाईट गेली, की तिने स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि तासाभरात त्यांच्यासमोर जाऊन बसली. औषधवाली शनिवारी दुकान बंद करून यायची, दर वेळी जरा लांबच्या रस्त्याने. चौथ्या गिअरपर्यंत मजल गेली होती.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस सगळे जेवायला बसले असताना मास्तरणीने घास खाल्ला, थांबली, आणि म्हणाली, "भाजीत मीठ कमी आहे."

एरवी सासूबाईंच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची कुणाची बिशाद नव्हती. त्या चमचा हातात धरून बघत राहिल्या आणि मग मुलाच्या दंडाला धरून त्याला गदागदा हलवलं. "ऐकलंस? मीठ कमी आहे म्हणाली! हिला चव लागतेय!" नवऱ्याने भाजी खाऊन बघितली. मीठ अगदी बरोबर होतं. त्याने मिठाची बरणी उचलून बायकोसमोर ठेवली.

अजून पुष्कळ बाकी होतं. गोळी कित्येक महिने चालू राहायची होती. तिचे काही दिवस करडे जायचे. पण करड्या दिवसानंतर आता एखादा उजळ दिवसही यायचा, आधी तो येतच नव्हता. स्कूलच्या मालकाने निरोप धाडला होता, की जागा कुठे जात नाही, सावकाश या.

उपचारांच्या सहाव्या आठवड्यात, रविवारी सकाळी, ती आपली आपण जागी झाली. कुणी उठवलं नव्हतं. पलीकडच्या खोलीत मायलेकांची हुज्जत चालली होती.

"अरे, आधी हात घाल, मग डोकं!"

"आई, हात घातला की ही डोकं मागे घेते. हिच्या मनात नाहीये हा झगा."

मुंगीने किरकिर सुरू केली. रडणं नव्हे, नुसता निषेध. मास्तरीण ऐकत होती. आणि तिच्या लक्षात आलं, की आपण पलंगावर नाही, दारात उभ्या आहोत. कुणी हाक मारली नव्हती, तिला जावंसं वाटलं होतं.

"काय गं मुंगे," ती म्हणाली, "काय चालवलंय यांनी तुझं?"

मुंगीची किरकिर थांबली. अर्धा झगा डोक्यात अडकलेला, एक कान बाहेर, आणि ते तेवढंसं तोंड इकडे तिकडे आवाज शोधत होतं. मास्तरणीला ते फार मजेशीर वाटलं. तिला काहीतरी वाटलं. वीज कडाडली वगैरे काही नाही, गार पडलेल्या हाताला हळूहळू ऊब यावी, तेवढंच. तिने झगा सोडवला, पोरीला उचललं आणि गॅलरीत नेलं.

खाली रस्ता नुकता जागा होत होता. मुंगीचं डोकं तिच्या खांद्यावर होतं, साबणाचा आणि दुधाचा वास येत होता.

"ती बघ, सायकल," मास्तरीण म्हणाली. "तो माणूस कुत्र्याला फिरवतोय, की कुत्रा त्याला, कोण जाणे. आणि ही बाई बघ, चप्पल तुटलीय तिची, हातात घेऊन चाललीय."

आत चहा ओतल्याचा आवाज झाला, कुणीतरी तिला हाक मारली. तिचं लक्ष नव्हतं. त्या बाईला पुढच्या वळणावर चांभार मिळेल का, हे ती मुंगीला समजावून सांगत होती.